धुऱ्यावरचं साखरपाणी

वडनेरच्या मुंग्या गेल्या, ही बातमी गावात पहिल्यांदा कळली ती प्रभाकररावांच्या किराणा दुकानात. सकाळची वेळ. प्रभाकरराव गुळाची भेली फोडत होते आणि त्यांचा मुलगा योगेंद्र साखर जोखत होता. पायरीवर वर्षाली येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात भिंग, आणि चेहरा असा की जवळचं कुणी गेलं असावं.

"मुंग्या संपल्या काका," ती म्हणाली.

"मुंग्या आपण ठेवतच नाई बाई," प्रभाकरराव म्हणाले. "मुंग्यांची पावडर आहे. देऊ?"

"दुकानातल्या नाई हो. धुरपताकाकूच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या. आठवडा झाला साखरपाणी ठेवून राह्यली, एक मुंगी ढुंकून नाई पाहत. पहिले केवढ्या होत्या! आता बिळाच्या तोंडाशी दोन-चार फिरतात, अशा सुस्त… जशा आजारी. फवारणीनंच गेल्या असतील. संशोधनाच्या सरांना तसंच कळवते अन् गुरुवारच्या गाडीनं परत जाते."

योगेंद्रच्या हातातलं माप हललं. साखर काट्याबाहेर सांडली.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "मी तं रोज—"

"रोज काय?"

"रोज… पाहतो ना. मुंग्या."

"तुम्हाला दिसतात?"

"म्हणजे… दिसायच्या."

ती निघून गेली. योगेंद्र सांडलेल्या साखरेकडे बघत राहिला. त्याला मुंग्यांचं दुःख नव्हतं. त्याला गुरुवारचं दुःख होतं.

वर्षाली अल्लीपूरच्या एका शेतकऱ्याची मुलगी. शिकायला बाहेर गेली आणि मुंग्यांत रमली. दोन पावसाळे तिने सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात काढले होते. तिथे झाडं एवढी दाट की दुपारी बारालाही दिवे लावावेत असं वाटतं. त्या जंगलात कुठल्या मुंग्या राहतात, काय खातात, कोण कोणाला हाकलून लावतं, हे तिने मोजून ठेवलं होतं. आता तेच काम तिला आपल्या कोरड्या मुलखात करायचं होतं. पावसाच्या जंगलातून इकडे यावं तशा मुंग्यांच्या जाती कमी होत जातात. मग ज्या टिकतात त्या कशाच्या जोरावर टिकतात, हा तिचा प्रश्न. वडनेरचा एक धुरा तिने त्यासाठी निवडला, कारण धुरपताकाकू तिच्या आईच्या ओळखीची होती आणि त्या बांधावर गवत, दगड, पळस, बोर असं सगळं होतं.

त्या धुऱ्यावरच योगेंद्रला ती पहिल्यांदा भेटली. भेटली म्हणजे… पडलेली दिसली.

पोळा होऊन गेला होता. सकाळी योगेंद्र पिठाचा डबा घेऊन तिकडून चालला होता. त्याची आई शकुंतलाबाई रोज सकाळी मुंग्यांना पीठ-साखर घालायची. बिळाच्या तोंडाशी चिमूट चिमूट. ती गेल्यावर प्रभाकरराव घालू लागले. यंदा त्यांच्या गुडघ्याने संप केला, तेव्हा डबा योगेंद्रच्या हातात आला. तो अर्धवट झोपेतच जायचा, भराभर घालायचा आणि परत यायचा.

त्या दिवशी त्याची झोप उडाली. धुऱ्यावर एक तरुण बाई पालथी पडली होती. तोंडात नळी. अंगाला स्पिरिटचा वास.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. त्यामुळे असं पडलेलं माणूस योगेंद्रने कधी पाहिलंच नव्हतं, असं काही नाही. पण ते पुरुष असायचं, आणि इतक्या सकाळी नसायचं.

"ओ मॅडम…" तो लांबूनच म्हणाला. "घर कुठी आहे तुमचं? पोहोचवून देतो."

तिने मान न उचलता हात वर केला. थांबा. मग नळीतून जोरात श्वास ओढला.

"ओढू नका! ओढू नका!" योगेंद्र ओरडला.

ती उठून बसली. नळीच्या खालच्या टोकाला काचेची बाटली, आणि बाटलीत मुंग्या.

"घाबरवून दिलं ना तुम्ही तिला," ती म्हणाली. "एवढ्या मुश्किलीनं बाहेर आली होती."

"कोण?"

"ही." तिने बाटली पुढे केली. "नळीच्या मधात जाळी असते, तोंडात नाई जात. मंग त्या स्पिरिटच्या बाटलीत ठेवायच्या."

"जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हाईत आहे ना?"

"मले आहे," ती म्हणाली. "मुंग्यांना नाई."

योगेंद्र हसला. तीही हसली. हसताना तिने गालावरची माती पुसली आणि जास्तच पसरवली.

"तुम्ही भाऊ, इथलेच का?" तिने विचारलं.

त्या 'भाऊ'वर योगेंद्रची एवढी सुंदर सकाळ वाया गेली.

पुढे ती दुकानात येऊ लागली. आधी मुंग्या नुसत्या शोधण्याचं काम होतं, ते संपलं. आता आमिषाचं काम सुरू होणार होतं. साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि कोण कधी येतं ते पाहायचं. पुठ्ठे कुठून आणणार? योगेंद्रने घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून दिल्या. दुकानदाराच्या घरी पत्रिका भरपूर येतात. मागची बाजू कोरी असते.

"मुंग्यांना आमंत्रण," वर्षाली म्हणाली.

"सहकुटुंब सहपरिवार," योगेंद्र म्हणाला.

ती इतकी हसली की प्रभाकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. मग एकदा मुलाकडे पाहिलं. मग गिऱ्हाईक नसताना उगाच डाळीच्या पोत्यात हात घालून बसले.

योगेंद्र काम नसताना धुऱ्याकडे जाऊ लागला. ती जंगलाच्या गोष्टी सांगायची. तिथल्या काही मुंग्या झाडाची पानं ओढून जवळ आणतात आणि आपल्याच अळ्यांच्या रेशमाने शिवतात. एक धरते, दुसरी शिवते. काहींचं अख्खं खटलं एका वाळक्या काडीत राहतं. काडीवर पाय पडला की गाव गेलं. जमिनीवरच्या कुजक्या पानांची एक टोपली चाळली तर तिच्यातून इतके जीव निघतात की नावं पुरत नाहीत. कोळी, गोम, वाणीकिडे, डोळ्यांना न दिसणारे उड्या मारणारे किडे…

"अन् जळवा?" त्याने विचारलं.

"जळवा तं पाहुण्यासारख्या. कळत नाई कधी आल्या, अन् जाता जात नाई."

"मले बोलून राह्यल्या काय?"

"तुम्ही जाता ना, दुकान उघडायले," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "लवकरच जाता."

एका सकाळी परतीचा पाऊस आला. वर्षालीकडे छत्री होती, पण ती तिने बोरीच्या फांदीखाली उलटी धरली होती आणि फांदी काठीने बडवत होती. छत्रीत कोळी, ढेकणासारखे किडे, मुंगळे, सगळे टपाटप पडत होते. तेवढ्यात वर टपोरे थेंब सुरू झाले.

"छत्री सरळ करा ना!" योगेंद्र म्हणाला.

"अशी कशी करू? माणसं आहेत तिच्यात."

मग तिने किड्यांवर आपली ओढणी धरली, योगेंद्रने तिच्या डोक्यावर पिठाच्या डब्याचं झाकण धरलं आणि तिघेही भिजले — ती, तो आणि सगळे कोळी. झाकणावर थेंबांचा ताशा वाजत होता. तिच्या पापणीवर पाणी थांबलं होतं. त्याच्या मनगटावर एक मुंगळा चढला. तिने वाकून हलकीच फुंकर मारली. मुंगळा उडाला. योगेंद्र मात्र तिथेच राहिला, पाऊस थांबल्यावरही.

त्या दिवसापासून त्याला पहाटेच जाग येऊ लागली. आमिषाचं काम सुरू झालं होतं. पहिल्या दिवशी पत्रिकेवर भराभर मुंग्या आल्या तेव्हा वर्षाली टाळ्या पिटून हसली होती. योगेंद्रने मनात हिशेब केला. मुंग्या आल्या की ती हसते. तेव्हा मुंग्या भरपूर यायला पाहिजेत. पीठ-साखरेने मुंग्या येतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून तो उजाडताच, ती यायच्या आत, आमिषाच्या जागी तिने रोवलेल्या लाल झेंड्यांच्या ओळीने डबा रिकामा करू लागला. घरच्या नेमाचं चिमूटभर राहिलं बाजूला. इथे ओंजळीने. ऊन चढून ती येईपर्यंत मुंग्या सगळं आत ओढून न्यायच्या.

आणि मुंग्या येईनाशा झाल्या. त्यावर योगेंद्रने आणखी पीठ घातलं.

दुकानातली ती सकाळ सरली. दुपारी तो धुऱ्यावर गेला. वर्षाली एका पत्रिकेसमोर उकिडवी बसली होती. बोळा तसाच.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मुंग्या आमिषाले कवा येतात?"

"भूक लागली की. दुसरं काय? जेवून आलेल्या माणसासमोर पोहे ठेवले तं खाईल तो?"

योगेंद्र खाली बसला. त्याला आता सगळं दिसलं. सांगितलं तर ही तोंड पाहणार नाही. नाही सांगितलं तर ही गुरुवारी जाईल, आणि वडनेरच्या मुंग्या फवारणीने मेल्या असं खोटंच लिहून जाईल. समोरच्या कपाशीत धुरपताकाकू कापूस वेचत होती. वर्षाली तिच्यावर फवारणीचा संशय घेऊन दोन दिवस तिच्याशी नीट बोलली नव्हती.

"फवारणी लिहू नका," तो म्हणाला. "माह्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं कसं?"

"मी… रोज सकाळी डबा घेऊन इथं येतो."

वर्षाली ताडकन उठली. मागे सरली. आपल्या बुटांच्या तळव्याकडे पाहिलं.

"इथं? माझ्या झेंड्यांजवळ?"

"तसा डबा नाई हो!" योगेंद्र कळवळून म्हणाला. "पिठाचा!"

कपाशीत धुरपताकाकू हसता हसता खालीच बसली.

वर्षाली हसली नाही. तिने विचारलं, "किती पीठ?"

"असं… डबाभर."

"नुसतं पीठ?"

"साखर टाकून, आई घालायची तसं. अन् कवा कवा… तूप."

"तूप!"

"थोडंसं."

"हत्तीनं जंगलात तंबू तुडवला माहा," ती म्हणाली. आता ती पुरती अल्लीपूरच्या बोलीत आली होती. "पुरात नमुन्यांची एक पूर्ण पेटी वाहून गेली. पण एवढं नुकसान कोणी नाई केलं माहं! काऊन? कायले केलं तुम्ही असं?"

"मुंग्या आल्या की तू हासतं ना," योगेंद्र म्हणाला.

वारा पडला होता. तिने खाली पाहिलं, पत्रिकेकडे. कोणाच्यातरी लग्नाचा गणपती मातीत होता.

"उद्यापासून घालू नका," ती शेवटी म्हणाली. आवाज उतरला होता. "तुमचं बी नको अन् घरच्या नेमाचं बी नको. धुऱ्यामागच्या नाल्याच्या अलीकडे एक कण नको. गुरुवारची गाडी मी सोडते. त्या भुकेल्या झाल्या तं काम होईल. नाई झाल्या तं सर वर्ध्याचं काम बंद करतील, अन् मी परत इकडे कायले येऊ?"

आपलं पीठ बंद करणं सोपं होतं. घरचा नेम बंद करणं म्हणजे बाबांना सांगणं. आणि बाबांना सांगणं म्हणजे आईची गोष्ट काढणं. ती गेल्यापासून त्या घरात तिच्याविषयी कोणी एक वाक्य धड पूर्ण केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने सांगितलं. पीठ, तूप, झेंडे, सगळं. प्रभाकररावांनी बशी खाली ठेवली.

"तूप कोणतं?" त्यांनी विचारलं.

"घरचंच."

"म्हणून संपते ते." मग ते म्हणाले, "तुही आई मुंग्यांसाठी जात होती असं वाटते तुले?"

"मंग?"

"मी सकाळी उठल्यापासून बोलत राहतो. लग्न झालं तवापासून. भाव, पाऊस, उधारी, गिऱ्हाईक… तिचे कान किटून जायचे. मुंग्यांचं नाव करून अर्धा घंटा बाहेर राहायची. मले म्हाईत होतं. मी कधी म्हटलं नाई तिले."

"मंग तुम्ही काऊन घालत होते?"

"आता घरात ऐकते कोण?" प्रभाकरराव म्हणाले. "ती माही बडबड चुकवायले जायची. मी बडबड करायले जात होतो."

योगेंद्रने वडिलांच्या बशीत राहिलेला चहा ओतला.

पायरीवर वर्षाली येऊन उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. प्रभाकररावांनी तिला आत बोलावलं.

"उपाशी मरतील काय वं त्या?"

"नाई काका. आपण नव्हतो तवापासून त्या आहेत. मेलेले किडे, गवताचं बी, फुलपाखराचे पंख… सगळं आहे त्यांच्याजवळ. फक्त कामावर जा लागेल."

"म्हणजे आम्ही त्यांना आळशी केलं."

"आळशी नाई. जावई केलं."

प्रभाकरराव हसले. योगेंद्रने त्यांना तसं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मग ते खुंटीवरची काठी आणि पिठाचा डबा घेऊन उठले.

"नाल्यापलीकडच्या मुंग्यांनी काय पाप केलं? मी तिकडे जातो आता. गुडघ्याले चाललं पायजे असं डॉक्टर म्हणतेच."

मुंग्यांना भूक लागायला वेळ लागला. साठवलेलं संपायला हवं होतं. तोवर वर्षालीने योगेंद्रला शिक्षा दिली. दुकान दुपारी बंद असे त्या वेळात त्याने धुऱ्यावर एका झेंड्याजवळ बसायचं आणि बघायचं. खिशात खडीसाखर नको, केसांना तेल नको, बोलणं नको. योगेंद्र बसला. दोन ठिकाणी चावे झाले. एक अशा ठिकाणी झाला की दुकानात तो दिवसभर उभाच होता. धुरपताकाकू जाता-येता विचारायची, "काय रे, बाप उभं राहायची शिक्षा देते काय तुले अजून?" वर्षालीने तिची माफी मागितली होती, आणि काकूने ती माफी शेंगदाण्याची चटणी-भाकर खाऊ घालून मान्य केली होती.

मग एका सकाळी ऊन कोवळं असताना पत्रिकेच्या कडेला एक बारीक काळी मुंगी आली. बोळ्याला शिवली. परत गेली.

"गेली," योगेंद्र कुजबुजला.

"घरी सांगायले गेली. चूप."

थोड्या वेळाने दोन आल्या. मग ओळच लागली. त्या जेवतात तोवर मोठ्या डोक्यांच्या लाल मुंग्या आल्या, पंगतीत पाहुणे शिरावे तशा, आणि त्यांनी काळ्यांना ढकलायला सुरुवात केली. एक मुंगळा लांबून येऊन पाहून गेला. वर्षालीची पेन्सिल पळत होती. दुसऱ्या हाताने तिने योगेंद्रचं मनगट धरलं होतं. धरलं आहे हे तिच्या लक्षात नव्हतं, की होतं… त्याने विचारलं नाही. तो श्वासही बेताने घेत होता.

"मोठ्या डोक्याच्या किती झाल्या तिकडून?" तिने विचारलं.

"मोजल्या नाई."

"मंग काय करून राह्यले इतका वेळ?"

"तुमच्याकडे पाहून राह्यलो."

पेन्सिल थांबली नाही. पण तिच्या कानाची पाळी लाल झाली, त्या मुंग्यांपेक्षा लाल.

"माह्याकडे पाहून आकडा नाई येत," ती म्हणाली.

"मले तुम्ही… म्हणजे मले…"

"लवकर बोला. काळ्या परत येऊन राह्यल्या."

"आवडता तुम्ही मले."

"त्या दिवशी 'तू' म्हटलं होतं. आता 'तुम्ही' काऊन?"

"तवा घाबरलो होतो."

"अन् आता?"

"आता जास्त."

ती हसली. मुंग्या आल्या होत्या म्हणून नाही. त्या तर आता निघून चालल्या होत्या आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मले बी आवडतं," ती म्हणाली. "तूप नाई. तू." मग पत्रिका उचलून तिने त्यावरची मुंगी बोटाने हलकेच बिळाजवळ सोडली. "पण मी कार्तिक संपला की जंगलात जाईन. पुढचा पावसाळा निघेपर्यंत तिकडेच. फोन लागत नाई. उंच जागी चढून बोला लागते. चालेल?"

"चढत जाजो," योगेंद्र म्हणाला. "जपून."

ती गेली. आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. आधी वाऱ्याचा आवाज, मग पानांवरून ठिबकणारं पाणी, मग ती. त्या आठवड्यात कोणती मुंगी सापडली ते ती सांगते, आणि योगेंद्र एका हाताने गिऱ्हाइकाची साखर जोखत ऐकतो. वडनेरच्या कामाला सरांनी होकार दिला आहे. पुढच्या हंगामात ती पुन्हा त्याच धुऱ्यावर येणार आहे. धुरपताकाकूने या दोघांची गोष्ट सगळ्या वडनेरला सांगितली. आता ती हिंगणघाटच्या बाजारातही ठाऊक आहे.

वर्षालीच्या वडिलांना, अल्लीपूरच्या रूपरावांना, मात्र ठाऊक नाही. ते शेतकरी माणूस, मुलगी दुकानदाराच्या घरी द्यायची म्हटलं की ते काय म्हणतील याचा नेम नाही. प्रभाकरराव मागणी घालायला म्हणून धुतलेलं धोतर नेसून दोनदा बसथांब्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा बस आली, दोन्ही वेळा ते परत आले.

"असं बोलणं बाई माणसाचं काम असते," ते योगेंद्रला म्हणाले. "तुही आई असती तं एका कप चहात ठरवून आली असती. मी गेलो तं भावच बोलत बसीन."

अल्लीपूरला जायचं अजून राहिलं आहे.